वजनकाट्यावर नेपच्यून

ग्रह आठ, आणि एक सूर्य.
आमच्या शाळेचा पट आठ, चारही इयत्ता मिळून.
म्हणून सूर्य झाल्या सगुणावहिनी,
बचतगटातून पाव-भाजीचा डबा आणणाऱ्या.
नारळ घेऊन अंगणात मधोमध बसा म्हटलं,
तर म्हणाल्या, बसते,
पण नंतर हा मला द्यायचा, दुपारी हुमण करायचंय.

आदल्या दिवशी चंद्र केला होता.
शाळेमागची खाणीची लाल माती चाळून परातीत भरली,
वर तांदळाच्या पिठाचा पातळ थर,
आणि छातीच्या उंचीवरून गोटी सोडली.
टप्.
पांढऱ्यातून लाल उसळलं, कडा उभी राहिली.
अजून उंचावरून. खड्डा मोजा. वहीत लिहा.
दिव्यांकने काजूची बी टाकली, चंद्राला नाक आलं.
ऋतिशा गावस, जिचे बाबा टिप्पर चालवायचे,
परातीवर बराच वेळ ओणवी राहिली. मग म्हणाली,
"टीचर, चंद्राचेर पण मायनिंग बंद जालें?"
मी हसले.
मग खिडकीबाहेर नजर गेली
आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

तर आज ग्रह.
मोहरीचा दाणा म्हणजे पृथ्वी,
समुद्रासकट, डिचोलीच्या बाजारासकट,
नारळापासून तीस पावलांवर.
गुरू म्हणजे रानबोर, फाटकाबाहेर विजेच्या खांबाशी.
शनीच्या वाटाण्याला कडं हवं म्हणून
साक्षीने कानातली रिंग काढून दिली.
घरी सांगू नका, एवढंच म्हणाली.
शेवटच्या दोघांना मिरीचा एकेक दाणा.

प्रकाशाचंही सांगितलं.
या मापात तो मुंगीच्या चालीने चालतो,
नारळ ते मोहरी, आठ मिनिटं.
खरी मुंगी सोडून पाहिली,
ती अर्ध्या वाटेत पावाच्या डब्याकडे वळली.
नेपच्यूनपर्यंत? कुणीतरी विचारलं.
चार तास दहा मिनिटं.

नेपच्यून बिरेश वरकच्या वाट्याला.
तिसरीतला. धनगरवाड्यावरून डोंगर उतरून येतो,
हजेरीलासुद्धा नुसता हात वर करतो.
नऊशे पावलं, मी म्हटलं,
आणि तिथून हलायचं नाही.

घंटा झाली.
बुध आला, शुक्र आला, मंगळ पडून गुडघा फोडून आला.
पाव वाटताना एक उरला.
एका घरचे पाहुणे मोजावेत तसे
आठच तर मोजायचे होते मला.

पळत गेले. खांब. घुमटी.
उतरणीवरचं बंद गॅरेज.
आणि पुढे खाणीचा जुना वजनकाटा,
जिथे भरलेले टिप्पर एकेक करून थांबायचे.
गंजलेल्या पत्र्याच्या ऐन मध्यावर बिरेश,
तळहात उघडा, त्यावर मिरी.

घंटा ऐकू नाही आली?
मान हलवली. आली.
मग?
त्याने आल्या वाटेकडे पाहिलं.
"टीचर, उजवाड अजून पावूंक ना."

मी घड्याळ पाहिलं. त्रेचाळीस मिनिटं.
म्हणजे मुंगी आत्ता कुठे रानबोरापाशी.
त्याचं बरोबर होतं. चूक काढायला जागाच नव्हती.
मीही पत्र्यावर चढले.
खोलीतला काटा, फुटक्या काचेमागे, शून्यावर.
एक बाई, एक मुलगा, एक ग्रह,
आणि काही नोंद नाही.

पाव गार होतोय, मी म्हटलं, जरा वेळाने.
त्याने मिरी पत्र्याच्या फटीत नीट बसवली.
"ताका हांगाच रावूं दी."

दोनला पाच कमी असताना मी परतीच्या बसमध्ये होते.
वळणावर काटा दिसतो, क्षणभर.
आत्ता पोचला असेल, मनात आलं,
आणि तिकडे सगुणावहिनींनी
नारळ केव्हाच फोडला असेल.